इंजिन होतं तरी शिडं का, आणि लोखंड होतं तरी सागवान का? व्हिक्टोरियाच्या काळातल्या स्क्रू स्लूपबद्दल

प्रश्न असा विचारलाय की 1870-80 च्या दशकात ब्रिटिश नौदलाकडे चांगली वाफेची इंजिनं होती, लोखंडी जहाजं बांधायचं ज्ञान होतं, वॉरियरसारखं चिलखती जहाज तर 1860 मध्येच पाण्यात उतरलं होतं, मग त्यानंतर वीस वर्षांनीसुद्धा डॉटरेल क्लाससारखी तीन डोलकाठ्यांची, लाकडी फळ्यांची, शिडं आणि प्रोपेलर दोन्ही असलेली छोटी जहाजं का बांधत बसले? जुन्या सवयी सुटत नव्हत्या म्हणून का?

मी मरीन इंजिनिअर, चौतीस वर्षं काढली या धंद्यात, त्यातली शेवटची बारा वर्षं ड्राय डॉकमध्ये जहाजांचे तळ तपासण्यात गेली. त्यामुळे मी या जहाजाकडे खालून बघतो, म्हणजे तळाकडून आणि बंकरकडून (कोळशाच्या कोठाराकडून). आणि खालून बघितलं ना की उत्तर अगदी स्पष्ट दिसतं. सवयीचा वाटा असेल थोडा, नौदलात जुन्या लोकांना शिडांचं प्रेम होतंच, पण खरी कारणं दोनच, एक कोळसा आणि दुसरं तळाला धरणारी घाण. बाकी सगळं या दोनातून निघतं.

आधी जहाज कसं होतं ते सांगतो. डॉटरेल क्लास म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेले नऊ स्लूप, म्हणजे छोटी लढाऊ जहाजं: डॉटरेल, ड्रॅगन, पेगासस, फिनिक्स, मिरांडा, गॅनेट, किंगफिशर, म्युटिन आणि एस्पिएगल. डिझाइन नॅथॅनिएल बार्नबी यांचं, ते तेव्हा नौदलाचे मुख्य जहाजरचनाकार. लांबी 170 फूट, रुंदी 36 फूट, वजन 1,130 टन, माणसं दीडशेच्या आसपास. तोफा म्हणाल तर 7 इंची दोन आणि 64 पाउंडी चार, त्यातल्या बऱ्याच फिरत्या बैठकीवर, शिवाय मशीनगन. एकच प्रोपेलर (त्यालाच स्क्रू म्हणतात), इंजिन दोन सिलिंडरचं आडवं कंपाउंड, साधारण 1,100 हॉर्सपॉवर, वेग अकरा-साडेअकरा नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. आडवं का, तर उभं इंजिन पाण्याच्या रेषेच्या वर डोकं काढतं आणि शत्रूचा एक गोळा लागला की संपलं, आडवं झोपवलं की सगळं पाण्याखाली राहतं. प्रोपेलरच का आणि बाजूची चाकं का नाहीत हा वाद तेव्हा कधीच मिटलेला होता, 1845 मध्ये रॅटलर आणि अलेक्टो अशी दोन जहाजं पाठीला पाठ बांधून एकमेकांविरुद्ध ओढायला लावली आणि प्रोपेलरवाल्या रॅटलरनी चाकवाल्या अलेक्टोला उलटं फरफटत नेलं होतं.

आता कोळसा. इथे जरा हिशोब करू, पाठ्यपुस्तकातला नाही, वॉचवर उभं राहून करतात तसा ढोबळ. कंपाउंड इंजिनात वाफ आधी छोट्या सिलिंडरमध्ये काम करते, मग उरलेल्या दाबावर मोठ्यात, म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम काढून घ्यायचं. जुन्या साध्या इंजिनाला तासाला दर हॉर्सपॉवरमागे साडेतीन-चार पाउंड कोळसा लागायचा, कंपाउंडला दोन-अडीच. अडीच धरा. 1,100 गुणिले अडीच म्हणजे तासाला 2,750 पाउंड, दिवसाला जवळपास साडेएकोणतीस टन. अकरा नॉटनी दिवसात 264 सागरी मैल होतात. म्हणजे 100 टन कोळसा जेमतेम साडेतीन दिवस पुरणार आणि नऊशेच्या आतबाहेर मैल नेणार. मुंबई ते एडन साधारण 1,650 मैल आहे. अर्ध्या अरबी समुद्रातच ते 100 टन साफ!

हळू चाललं तर? तिथे आमचा तो क्यूबचा नियम येतो, वेग अर्धा केला की ताकद आठव्या हिश्शावर येते. कागदावर साडेपाच नॉटनी तोच 100 टन साडेतीन हजार मैल जाईल, प्रत्यक्षात इतका जात नाही कारण बॉयलर गरम ठेवायलाच कोळसा जातो आणि कमी लोडवर इंजिनाची कार्यक्षमता पडते. पण मग साडेपाच नॉटनीच जायचं असेल तर वारा फुकट आहे की! चांगला वारा असला तर ही जहाजं शिडांवर इंजिनाच्या बरोबरीनं किंवा जास्तच पळायची.

आणि ही जहाजं जायची कुठे ते बघा. गॅनेट 1879 ला थेट पॅसिफिक स्टेशनला गेली, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून कॅनडापर्यंत पसरलेला इलाका, मधे कोळसा कुठे मिळेल, कुठल्या भावानी मिळेल, कसला मिळेल याची शाश्वती नाही. मिरांडा ऑस्ट्रेलिया स्टेशनला, ड्रॅगन आणि किंगफिशर पूर्व आफ्रिकेच्या बाजूला गुलामांचा व्यापार करणारी गलबतं पकडायला. महिनोन्महिने घरापासून लांब राहायचं, रोजचा प्रवास शिडांवर करायचा, आणि वारा पडला, बंदरात शिरायचं असलं, कुणाचा पाठलाग करायचा असला किंवा लढाई आली की बॉयलर पेटवायचे. कोळसा हा ठेवणीतला पैसा होता.

याचा उलटा पुरावा आपल्या मुंबईतच होता. त्याच काळात मुंबई बंदराच्या रक्षणासाठी मॅग्डाला नावाचं जहाज बांधलं, 1870 मध्ये पाण्यात उतरलं, लोखंडी, चिलखती, फिरत्या मनोऱ्यात 10 इंची चार तोफा, दोन प्रोपेलर. शिडं नाहीत, कारण काम बंदरातच आणि कोळसा शेजारीच. पण इंग्लंडहून मुंबईला आणायची वेळ आली तेव्हा त्याच मॅग्डालाला तात्पुरत्या तीन डोलकाठ्या उभ्या केल्या आणि शिडं चढवून आणलं. म्हणजे ज्या लोकांना जुन्या सवयीचे म्हणतो त्यांना नेमकं माहीत होतं की शीड कधी लागतं आणि कधी लागत नाही.

शिडावर चालताना प्रोपेलर मात्र अडचण करतो, नुसता पाण्यात लटकलेला प्रोपेलर म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं. म्हणून बऱ्याच जहाजांत दोनच पात्यांचा प्रोपेलर असायचा, म्हणजे पाती उभी करून मागच्या खांबाच्या आडोशाला लपवता येतील, आणि काहींत तर प्रोपेलर शाफ्टपासून सोडवून एका विहिरीतून वर उचलून घ्यायची सोय होती. वॉरियरचा दहा टनांचा प्रोपेलर असा उचलायला शेकडो माणसं दोराला लागायची. धुराडं पण दुर्बिणीसारखं आत सरकवायचं, नाहीतर शिडांना आडवं येतं. ‘धुराडं खाली, स्क्रू वर’ अशी ऑर्डरच होती त्या काळात.

स्क्रूचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती मी हातात धरली आहे. शाफ्ट जिथून जहाजाच्या बाहेर पडतो त्या स्टर्न ट्यूबचं बेअरिंग हा स्क्रू जहाजांचा सुरुवातीचा सगळ्यात मोठा दुखरा भाग होता. पितळी बेअरिंग समुद्राच्या पाण्यात आणि रेतीत भराभर झिजायचं, शाफ्ट थडथडायचा, पाणी आत यायचं. 1854 मध्ये ग्रीनिचचे इंजिन बांधणारे जॉन पेन यांनी त्यावर उपाय काढला, प्रोपेलरवाले फ्रान्सिस पेटिट स्मिथ त्यांच्याबरोबर होते, तो म्हणजे लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या आणि पट्ट्यांच्या मधल्या खाचांतून समुद्राचंच पाणी खेळू द्यायचं, वंगणही तेच आणि थंड करणारंही तेच. लाकूड धातूपेक्षा जास्त टिकतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात एका जुन्या जहाजाच्या स्टर्न ट्यूबमधून काढलेली अशी पट्टी मी बघितली. हिरवट काळपट, बोट फिरवलं तर मेण लावल्यासारखी गुळगुळीत, आणि आमच्या फोरमननी ती पाण्याच्या बादलीत टाकून दाखवली, दगडासारखी बुडाली. इतकं दाट लाकूड, आणि त्याची राळ हेच त्याचं तेल. तेव्हा मला कळलं की सव्वाशे वर्षांपूर्वी या माणसांनी काय शोधून ठेवलं होतं. आज जहाजांवर ऑइल बाथ किंवा सिंथेटिक बेअरिंग असतात, पण पाण्यावर चालणारी बेअरिंग अजून बनतात, तत्त्व तेच.

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. लोखंड होतं तर लाकूड कशाला?

कारण तळ. ज्यानं कधी ड्राय डॉकमध्ये पाणी उतरताना बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उष्ण समुद्रात वर्षभर राहिलेलं जहाज वर येतं तेव्हा तळावर शेवाळाचे केस लोंबत असतात, त्याखाली बार्नकल नावाच्या कवचवाल्या जीवांची खरखरीत चादर, शिंपले, आणि असा वास की पहिल्या दिवशी जेवण जात नाही. एवढी घाण धरली की वेग दोन-तीन नॉट सहज पडतो आणि इंधन वाढतं. आज आपल्याकडे अँटीफाउलिंग पेंट आहेत. 1870 मध्ये लोखंडी तळासाठी धड टिकणारा पेंट नव्हता, मग लोखंडी जहाज दर काही महिन्यांनी सुक्या गोदीत घ्यायचं, आणि पॅसिफिकच्या कोपऱ्यात सुकी गोदी कुठून आणायची?

लाकडी जहाजाला मात्र शंभर वर्षांपासून उपाय होता, तांब्याचा पत्रा. तांबं समुद्राच्या पाण्यात हळूहळू विरघळतं, ते क्षार जीवांना विषारी असतात, म्हणून काही चिकटत नाही, आणि लाकूड पोखरणारा किडाही आत शिरत नाही. मग लोखंडी जहाजालाच तांबं का लावू नये? लावून बघा! समुद्राच्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले की ती बॅटरी झाली, आणि त्या बॅटरीत खाल्लं जातं ते लोखंड. मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका जहाजाच्या समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेटीवर कुणीतरी दुरुस्तीत ब्राँझचा व्हॉल्व्ह बसवला आणि मधला इन्सुलेशनचा वॉशर घालायचा विसरला. पुढच्या डॉकिंगला मी हातोडीनं ठोकून बघत होतो, व्हॉल्व्हच्या कडेच्या स्टीलवर आवाज बद्द आला, पुन्हा ठोकलं तर हातोडीचं टोक आत गेलं. बोटभर जाडीच्या पत्र्याचा बिस्किटासारखा चुरा झाला होता, आणि ते जहाज त्या अवस्थेत पावसाळा काढून आलं होतं. एका वॉशरपायी!

याच बॅटरीचा एक जुना किस्सा या विषयात फार मोलाचा आहे. 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींनी तांबं झिजू नये म्हणून त्यावर झिंकचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. प्रयोग शंभर टक्के यशस्वी, तांबं विरघळायचं थांबलं. पण विरघळायचं थांबलं म्हणजे विषही थांबलं, आणि त्या सुरक्षित तांब्यावर बार्नकल मजेत वाढले. शेवटी नौदलानं तुकडे काढून टाकले. आज बऱ्याच जहाजांच्या तळाला आपण जे झिंकचे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड लावतो त्याचा जन्म या फसलेल्या प्रयोगात आहे.

तर आता बार्नबींसमोरची अडचण बघा. लाकडी सांगाडा घ्यावा तर इंजिनाच्या थरथरीनं आणि प्रोपेलरच्या ओढीनं सांधे सैल होतात, शिवाय जाड लाकडं आतली जागा खातात. लोखंडी कातडी घ्यावी तर तळ घाण धरतो. म्हणून कंपोझिट बांधणी, आतला सांगाडा लोखंडाचा, म्हणजे बरगड्या, कणा, तुळया, आणि बाहेरून सागवानी फळ्यांचे दोन थर, त्यावर तांबं. दोन थर का, तर बाहेरच्या थराचे बोल्ट आतल्या थरात संपवता येतात, आतल्या लोखंडापर्यंत पोचत नाहीत, म्हणजे तांबं एका बाजूला, लोखंड दुसऱ्या बाजूला आणि मधे जाड सागवानी भिंत. तो माझा हरवलेला वॉशर म्हणा ना, अख्ख्या जहाजाएवढा! व्यापारी जहाजांत कटी सार्क हे 1869 चं कंपोझिट बांधणीचं प्रसिद्ध उदाहरण, आणि तिथेही लोखंड आणि तळावरच्या पिवळ्या धातूच्या (तांबं-जस्ताच्या मिश्रधातूच्या) या भांडणानं पुढे जतन करणाऱ्यांना भरपूर त्रास दिला.

आणि सागवानच का, ओक का नाही? ओकच्या लाकडात आम्ल असतं, ते लोखंडाला खातं आणि गंजलेलं लोखंड परत लाकडाला कुजवतं. सागवानात उलट तेल असतं, त्यात लोखंड नीट राहतं. हे ज्ञान इंग्रजांना आपल्याकडून मिळालं असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती नाही, कारण मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागवानात बांधलेली जहाजं पन्नास-पन्नास वर्षं टिकतात हे नौदलानं अनुभवलं होतं. 1817 मध्ये मुंबईत बांधलेली ट्रिंकोमली आजही हार्टलपूलला तरंगते आहे. आणि स्क्रूच्या गोष्टीत सुद्धा मुंबई आहेच. कॉर्नवॉलिस हे 74 तोफांचं जहाज 1813 मध्ये मुंबईत बांधलं, 1842 मध्ये ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह त्याच्यावर सह्या होऊन झाला, आणि 1855 मध्ये, बेचाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या सागवानी सांगाड्यात, इंजिन आणि स्क्रू बसवून त्याला बाल्टिकमध्ये रशियाविरुद्ध पाठवलं. मला नेहमी वाटतं, ते इंजिन बसवणाऱ्या फिटरनं आत उतरून त्या लाकडाला टोचून बघितलं असेल आणि टोच्या आत जाईना म्हणून मान हलवली असेल.

या क्लासची सगळ्यात वाईट आठवणही सांगायला हवी, कारण ती आमच्या धंद्यात शिकवली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. खुद्द डॉटरेल, इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत बांधलेली, पॅसिफिककडे निघालेली, 26 एप्रिल 1881 ला मॅगेलन सामुद्रधुनीत पुंता अरेनासला नांगरून उभी असताना स्फोट होऊन काही मिनिटांत बुडाली. 143 माणसं गेली, 12 वाचली. चौकशीत ठरलं की कोळशाच्या बंकरमधल्या गॅसमुळे पहिला स्फोट झाला आणि मग दारूगोळ्याचा कोठा उडाला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रायम्फ जहाजावर झेरोटिन सिकेटिव्ह नावाच्या, पेंट लवकर वाळावा म्हणून घालायच्या द्रवाचा स्फोट होऊन तीन माणसं मेली. नंतर डॉटरेलवरून वाचलेल्या एकाला दुसऱ्या जहाजावर या द्रवाचा वास आला आणि त्यानं तो ओळखला, स्फोटाच्या आधी डॉटरेलवर हाच वास होता! तडा गेलेल्या भांड्यातून तो पुढच्या कोठ्याखाली गळला होता, आणि बंद जागा, साचलेली वाफ, बहुधा एखादी उघडी मेणबत्ती. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण आजही टाकीत पेंट करताना हेच होतं, फक्त मेणबत्तीच्या जागी साधा हॅलोजनचा दिवा असतो. मी सर्व्हेला गेलो की पेंटच्या वासाची टाकी दिसली तर गॅस मीटर लावून वाचन बघितल्याशिवाय पाय आत टाकत नसे, कोण काय बोलतंय याची पर्वा नाही केली कधी.

फिनिक्स सप्टेंबर 1882 मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ आपटून गेली. बाकीच्यांनी आपलं काम केलं. गॅनेट 1888 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तांबड्या समुद्रावरच्या सुआकिनला सुदानी बंडाचा सेनापती ओस्मान दिग्ना याच्या फौजांवर जवळपास महिनाभर तोफा डागत होती. हे काम साम्राज्याचं होतं, समोर आपल्याच भूमीवर लढणारी माणसं होती, तेही लक्षात ठेवूनच मी या जहाजाचं कौतुक करतो. बांधणाऱ्यांची अक्कल वेगळी आणि ते जहाज कशासाठी वापरलं ते वेगळं.

मग हा प्रकार संपला कसा? त्याच दोन गोष्टींनी. ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन आलं, म्हणजे एकाच वाफेकडून तीनदा काम काढणारं, कोळसा आणखी कमी लागायला लागला, कोळशाची ठाणी जगभर झाली, म्हणजे शीड गेलं. तळाचे पेंट सुधारले, सुक्या गोद्या वाढल्या, म्हणजे तांबं आणि सागवान गेलं. आणि वेगवान क्रूझरसमोर अकरा नॉटचं जहाज लढूही शकत नाही आणि पळूही शकत नाही, म्हणून 1904 नंतर नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल फिशरनी असली छोटी जुनी जहाजं सरसकट मोडीत काढली.

गॅनेट तेवढी वाचली, ती वेगळ्याच नशिबानं. इंजिन-बॉयलर काढलेले, आधी लंडनला नौदलाच्या राखीव लोकांचं कवायतीचं जहाज, मग पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर हॅम्बल नदीत मर्क्युरी या मुलांच्या प्रशिक्षण संस्थेला राहायला दिलं. ती संस्था चालवत होते सी. बी. फ्राय, तेच क्रिकेटवाले, आपल्या रणजितसिंहांचे जिवलग मित्र. पन्नासेक वर्षं मुलं तिच्या पोटात झुल्यांवर झोपली, 1968 ला संस्था बंद झाली, आणि 1987 ला जहाज चॅटमला आलं.

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा चॅटमला मुद्दाम एक अख्खा दिवस ठेवला होता. कुणी जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं, डेकवरच्या तोफांचे फोटो काढून परत फिरू नका. खाली उतरा, जिथे वाकून चालावं लागतं तिथे, आणि जिथे लोखंडी फ्रेमला सागवानी फळी टेकते तो सांधा शोधून त्यावर हात ठेवा. लोखंड गार लागतं, लाकूड नाही. गॅनेट ज्या शीअरनेसच्या गोदीत 31 ऑगस्ट 1878 ला पाण्यात उतरली, तिथेच तेव्हा आपलं मुंबईचं कॉर्नवॉलिस धक्का म्हणून बांधून ठेवलेलं होतं, 1865 पासून. तोडलं कधी, तर 1957 मध्ये.